प्लास्टिकपासून तेल : पैसे घालण्याआधी कोणते कागद मागाल, किती खर्च येईल

प्लास्टिकपासून तेल निघतं का? निघतं. हा प्रश्न विचारून वेळ घालवू नका, कारण समोरचा माणूस नेमक्या याच प्रश्नाची वाट बघत असतो. तो बाटली पुढे करेल, झाकण उघडून वास घ्यायला लावेल, कापसाचा बोळा भिजवून पेटवूनही दाखवेल. हवेचा संपर्क तोडून पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्याची वाफ होते आणि वाफ गार केली की तेल मिळतं. यात गुपित काही नाही. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांच्या प्रयोगांची चर्चा होऊन दोन दशकं झाली. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने गेलच्या साथीने रोज १ टन प्लास्टिक हाताळणारा प्रकल्प २०१९ मध्ये सुरू केला.

तुम्हाला विचारायचं ते वेगळंच आहे. कोणतं प्लास्टिक, काय भावाने, किती तास यंत्र चाललं आणि निघालेलं तेल कोणी पैसे देऊन घेतलं? या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली तर पुढे बोला. तोंडी मिळाली तर चहा घ्या आणि निघा.

तुम्ही नेमकं काय विकत घेताय?

'गुंतवणूक' या एका शब्दाखाली चार वेगवेगळे व्यवहार खपवले जातात. परदेशी बाजारातला शेअर, इथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतला हिस्सा, 'दर महिन्याला इतके टक्के' असं सांगून घेतलेली ठेव आणि थेट यंत्राची खरेदी. चारही व्यवहारांचे कायदे वेगळे, कागद वेगळे, तक्रारीची दारंही वेगळी.

व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा हॉटेलातल्या सेमिनारमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर सर्वांना देऊ केले जात असतील, तर गाडी पहिल्याच पायरीवर घसरलेली आहे. खासगी कंपनीला अशी जाहीर विक्री करता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ठरावीक व्यक्तींनाच, त्यांच्या नावाने प्रस्तावपत्र (फॉर्म पास-४) देऊन शेअर देता येतात. अशा व्यक्ती वर्षात २०० पेक्षा जास्त असू शकत नाहीत. पैसे बँकेतूनच द्यायचे, रोख नाही. ६० दिवसांत शेअर मिळाले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत मिळायला हवेत, नाहीतर १२ टक्के व्याजासह. छोटी कंपनी नसेल तर खासगी कंपनीलाही आता शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात, तेव्हा रंगीत प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिलं म्हणून खूश होऊ नका.

५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला 'गुंतवणूक करार' म्हणजे शेअर नव्हे. त्यात 'दरमहा निश्चित परतावा' असं लिहिलं असेल तर तो ठेवीचा व्यवहार ठरण्याची शक्यता मोठी. आणि अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. दरमहा ठरलेलं उत्पन्न देण्याइतकं तेल नियमित निघत असतं, तर बँकेनेच कर्ज दिलं असतं. तुमच्याकडे कोणी आलं नसतं.

एका संध्याकाळची तपासणी : खर्च १०० रुपये

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर नोंदणी करा, ती मोफत आहे. कंपनीचं नाव टाकलं की मूळ माहिती फुकट दिसते : स्थापनेची तारीख, भरलेलं भांडवल, संचालक, शेवटचा ताळेबंद कधी भरला आणि मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे. '२० वर्षांचा अनुभव' सांगणारी कंपनी चौदा महिन्यांपूर्वी स्थापन झालेली निघाली, तर पुढचे १०० रुपयेही वाचले.

ते १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेली सगळी जाहीर कागदपत्रं पाहता येतात. मुदत ३ तासांची असते, म्हणून जेवण उरकूनच बसा आणि आधी सगळं डाउनलोड करा, मग वाचा. वाचायचं काय? 'व्यवसायातून उत्पन्न' ही ओळ. तिथे तेलविक्री दिसते, की सल्लागार शुल्क आणि यंत्रविक्री? तेल काढणाऱ्या कंपनीची कमाई जर तेल काढायची यंत्रं विकूनच होत असेल, तर तिला तेलापेक्षा तुमच्यात जास्त रस आहे. मग 'अपूर्ण भांडवली काम' ही ओळ बघा. तोच आकडा तीन-चार वर्षं तसाच पडून असेल तर कारखाना उभा राहिलेला नाही. शेवटी लेखापरीक्षकाचा शेरा आणि संचालकांच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडतात आणि नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. फुकट आहे. नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रं वेळेवर भरली जातात की नाही, दोन मिनिटांत कळतं.

मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. इथे दोन संमती लागतात : उभारणीची आणि चालवण्याची. पहिलीच दाखवून काम भागवायचा प्रयत्न होतो. तुम्ही दुसरी मागा. तिच्यात उत्पादनाचं नाव, दिवसाची क्षमता, इंधन आणि मुदत लिहिलेली असते. माहितीपत्रकात १० टन आणि संमतीपत्रात २ टन असेल तर २ टन खरं. मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्रं शोधता येतात. सापडलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा : शुल्क १० रुपये, प्रत पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'अमुक पत्त्यावरील कारखान्याचं चालवण्याचं संमतीपत्र, दिलेल्या नोटिसा आणि शेवटचा तपासणी अहवाल' एवढंच मागा. 'ही संधी आठवडाभरच आहे, ३० दिवस थांबता येणार नाही' असं कोणी म्हणालं तर उत्तर अर्जाआधीच मिळालं.

घोळ यंत्रात नसतो, ताळेबंदात असतो

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातली जेबीआय ही कंपनी या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. जॉन बोर्डिनियुक यांनी २००९ मध्ये तिचा ताबा घेतला आणि 'प्लास्टिक-टू-ऑइल' यंत्राच्या नावावर ती गाजली. यंत्र होतं. ते चाललं. तेल विकलंही गेलं. यंत्र खोटं आहे की खरं यावर समर्थक आणि टीकाकार वाद घालत राहिले. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने (एसईसी) खटला भरला तो यंत्राबद्दल नव्हताच. कंपनीने २००९ च्या ताळेबंदात 'मीडिया क्रेडिट', म्हणजे रेडिओवर आणि छापील माध्यमांत जाहिरातीसाठी वापरायचे हक्क, सुमारे १ कोटी डॉलर किमतीचे म्हणून दाखवले होते. तेवढी त्यांची किंमत नव्हती, आणि तो फुगवलेला ताळेबंद हातात असताना कंपनीने दोन खासगी विक्रींतून ८० लाख डॉलरहून जास्त उभे केले, असा आरोप होता. पुढे दंडावर प्रकरण मिटलं. कंपनीने नंतर प्लास्टिक-टू-ऑइल हेच नाव घेतलं. पण २०१३ च्या अखेरीस तिथलं तेलाचं उत्पादन बंद पडलं होतं.

तेव्हा तेल कंपनीच्या मालमत्तेत तेलाशी संबंध नसलेलं काही मोठ्या रकमेचं दिसलं, की हिशेबनिसाला एकच विचारा : ही किंमत कोणी ठरवली? 'पेटंटची किंमत', 'ब्रँड मूल्य', 'तंत्रज्ञानाचे हक्क' अशा ओळींनाही हाच प्रश्न. शेतकरी कंपनी असो की स्टार्टअप, हा प्रश्न सगळीकडे चालतो.

मोठ्या नावांनी गाफील होऊ नका. इंडियाना राज्यातल्या ॲशली गावात ब्राइटमार्क कंपनीने वर्षाला १ लाख टन प्लास्टिक हाताळायचा प्रकल्प काढला. त्यासाठी २०१९ मध्ये १८.५ कोटी डॉलरचे हरित रोखे विकले गेले. मार्च २०२५ मध्ये त्या प्रकल्पाने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेलने २०२५ पर्यंत वर्षाला १० लाख टन प्लास्टिक कचरा आपल्या रासायनिक कारखान्यांत वापरायचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. ते शक्य नाही, असं त्यांनीच नंतर मान्य केलं. कारणांत पहिलं होतं, पुरेसा कच्चा माल मिळत नाही.

कच्चा माल : इथेच सगळं गणित बसतं किंवा फसतं

'कचरा फुकट मिळतो' हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. रस्त्यावर पडलेला कचरा फुकट असतो. यंत्रात घालण्याजोगा नसतो.

तुमच्या गावातल्या भंगारवाल्याकडे जा आणि भाव विचारा. त्याला पैसे लागत नाहीत, फार तर चहा पाजा. तो एलडी (कमी घनतेचं पॉलिथिन) वेगळं ठेवतो, एचडी (जास्त घनतेचं) वेगळं, पीपी (पॉलिप्रॉपिलिन) वेगळं. स्वच्छ एलडीची पिशवी आणि दुधाची रिकामी पिशवी दाणा करणाऱ्या कारखान्यात जाते आणि दाणेवाला रोख भाव देतो. तेलवाल्याला तोच माल हवा असेल तर दाणेवाल्यापेक्षा जास्त मोजावे लागतील. उरतं ते वेफर्सचं चकचकीत पाकीट, गुटख्याची पुडी, चिखलाने माखलेली कॅरीबॅग. ते स्वस्त मिळतं, पण त्यात माती, पाणी, ॲल्युमिनियमचा थर आणि तीन जातींचं प्लास्टिक एकत्र. थोडक्यात, चांगलं प्लास्टिक स्वस्त नाही आणि स्वस्त प्लास्टिक चांगलं नाही.

दोन जाती यंत्राला थेट त्रास देतात. पीव्हीसी, म्हणजे पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन. तापवल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि लोखंड खातं. दुसरी पीईटी, म्हणजे पाण्याची बाटली. तिच्यातून तेल जवळजवळ मिळत नाही. निघणारे घन पदार्थ गार होऊन नळ्यांत बसतात. 'आमच्या यंत्रात कोणतंही प्लास्टिक चालतं' असं जो म्हणतो त्याला करारात लिहून द्यायला सांगा : पीव्हीसी किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि त्यापुढे रिॲक्टर गळाला तर खर्च कोणाचा.

वजनाची चलाखी लक्षात ठेवा. ओला माल काट्यावर भरतो. पैसे ओल्या वजनाचे जातात आणि तेल कोरड्या वजनाचं निघतं. पावसाळ्यात हा फरक कागदावरचा नफा खाऊन टाकतो. म्हणून पुरवठ्याच्या करारात ओलाव्याची मर्यादा आणि त्यावरची कपात लिहून घ्या. नगरपालिकेचं पत्र दाखवलं तर नीट वाचा. 'सहकार्य करण्यास हरकत नाही' असं लिहिलेलं पत्र म्हणजे पुरवठ्याचा करार नव्हे. त्यात टन, दर्जा, मुदत आणि न दिल्यास दंड असं काहीच नसतं.

माहितीपत्रकातलं गणित उघडून बघा

डेहराडूनच्या प्रकल्पात १ टन प्लास्टिकमागे सुमारे ८०० लिटर डिझेल, असं सांगण्यात आलं होतं. ते निवडलेलं प्लास्टिक आणि शास्त्रज्ञांची देखरेख असताना. हा आकडा मनात पक्का ठेवा. दुसरा आकडा पदार्थविज्ञानाचा आहे. या तेलाच्या लिटरचं वजन साधारण ७५० ते ८०० ग्रॅम. म्हणजे १,००० किलो प्लास्टिकचा कण न् कण तेल झाला, गॅस नाही, काजळी नाही, तरी १,३०० लिटरच्या आसपासच तेल होईल. माहितीपत्रकात टनाला १,४०० लिटर लिहिलं असेल तर ते पत्रक जपून ठेवा, तक्रारीत लागेल.

आता समजा तुम्हाला सांगितलं : रोज १० टन, टनाला ८०० लिटर, लिटरला ५० रुपये, वर्षाला ३३० दिवस. विक्री १३ कोटी २० लाख. ऐकायला बरं वाटतं. आता यात साधे प्रश्न घाला. १० टनांतले २ टन पाणी आणि माती धरा, उरले ८. मिश्र मालात टनाला ८०० ऐवजी ६५० लिटर धरा : रोज ५,२०० लिटर. रिॲक्टर तापवणं, गार करणं, आतली काजळी खरवडणं आणि दुरुस्ती यांत दिवस जातात, म्हणून ३३० ऐवजी २०० दिवस. भाव ५० ऐवजी ४०. विक्री ४ कोटी १६ लाख, म्हणजे सांगितल्याच्या एक-तृतीयांशही नाही. प्लास्टिकला किलोमागे ८ रुपये जरी पडले, तर २०० दिवसांच्या २,००० टनांचे १ कोटी ६० लाख त्यातून गेले. मजुरी, वीज, व्याज, हप्ता अजून यायचाच आहे.

हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. पण चारही खुंट्या (ओलावा, उतारा, दिवस, भाव) तुम्ही स्वतः पिळून बघा. एकेक खुंटी थोडी सैल केली तर फारसं बिघडत नाही. चारही एकदम सैल होतात तेव्हा प्रकल्प बुडतो, आणि प्रत्यक्षात त्या एकदमच सैल होतात.

भावाबद्दल थोडं जास्त. निघालेल्या द्रवाला 'डिझेल' म्हणणं आणि डिझेल म्हणून विकणं यांत तुरुंगाएवढं अंतर आहे. वाहनात घालायचं डिझेल आयएस १४६० या मानकात बसावं लागतं, बीएस-६ साठी गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत. ते विकायला वेगळी सरकारी परवानगी लागते. तुमचं तेल जाईल ते बहुधा बॉयलर किंवा भट्टीत, आणि घेणाऱ्या कारखान्याच्या संमतीपत्रातही ते इंधन नमूद असावं लागतं. 'तेल आम्हीच परत घेऊ' हे वाक्य करारात असेल तर तीन गोष्टी शोधा : भाव, प्रमाण, न घेतल्यास दंड. या तीन नसतील तर ती ओळ निव्वळ शोभेची.

कारखाना बघायला जाल तेव्हा

रविवारी जाऊ नका, बोलावतील त्या दिवशीही जाऊ नका. कामाच्या दिवशी जा आणि माल आत टाकल्यापासून काजळी बाहेर काढेपर्यंतचं संपूर्ण चक्र बघा. बॅच पद्धतीच्या यंत्रात याला एक दिवस सहज लागतो, कधी जास्त. तयार तेल नळातून पडताना दाखवलं तर ते आजचं की गेल्या आठवड्यातलं, हे तुम्हाला कळणार नाही.

आत टाकायचा माल तुमच्यासमोर तोला. शक्य असेल तर तुमच्या गावचाच माल, भंगारवाल्याकडून पोत्यांत भरून, सोबत न्या. त्यांनी आधीच धुऊन वाळवून ठेवलेला माल नको. बाहेर आलेलं तेल मोजा, काजळी तोला. एका लिटरचा नमुना तुमच्या हाताने सीलबंद करा आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. फ्लॅश पॉइंट, गंधक, क्लोरिन, पाणी आणि उष्मांक एवढं तपासून मागा. दर आधी विचारून घ्या. फ्लॅश पॉइंट यासाठी की त्यावर पेट्रोलियमचा वर्ग ठरतो : २३ अंशांच्या खाली 'अ', २३ ते ६५ 'ब', ६५ ते ९३ 'क'. वर्ग जितका वरचा तितक्या साठवणुकीच्या अटी कडक, आणि परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'चा (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना). हे तेल हलकं असतं, सहज पेट घेतं. विकणारा 'क' वर्ग गृहीत धरून शेड आखून देतो, नंतर टाकीचा आणि मोकळ्या जागेचा खर्च तुमच्या अंगावर.

दोन कागद मागा, जे खोटे करणं अवघड असतं. गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि काट्याच्या पावत्या. रोज १० टन माल कापणारं यंत्र चालत असेल तर ते वीजबिलात दिसेल. घरगुती कारखान्याएवढं बिल येत असेल तर यंत्र पाहुण्यांसाठीच चालतं. सोबत तेलविक्रीची बिलं आणि ई-वे बिलं. घेणाऱ्या कारखान्याला तुम्ही स्वतः फोन करा, क्रमांक त्यांनी दिलेला नको, तुम्ही शोधलेला.

शेजाऱ्यांशी बोला. पालघरच्या वाडा तालुक्यात जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या कारखान्यांचा धूर आणि वास यांवरून गावकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. तुम्हाला विकायला आणलेला रिॲक्टर पुष्कळदा तोच असतो, टायरचा, फक्त पाटी बदललेली. काजळी उडत असेल तर एक दिवस बंदीची नोटीस येणार, मग हप्ता मात्र चालू.

यंत्र घेताय? कोटेशनमध्ये नसलेले खर्च

कोटेशनमध्ये रिॲक्टर, कंडेन्सर आणि टाकी असते. पाया, शेड, चिमणी, धुराचा स्क्रबर, थंड पाण्याची व्यवस्था, कापायचं यंत्र, माती झाडायचं यंत्र, वाळवणी, अग्निशमन, महावितरणचा वाढीव भार आणि त्याची अनामत, पहिल्यांदा तापवायचं इंधन, विमा हे सगळं 'ग्राहकाच्या कक्षेत' या दोन शब्दांत तळाला बारीक अक्षरात. जीएसटी वेगळा. वाहतूक वेगळी. यंत्र चालू करून देणाऱ्या माणसाचं राहणं-जेवणही वेगळं.

सगळ्यात महाग ओळ उत्प्रेरकाची असते. 'गुप्त कॅटॅलिस्ट' फक्त त्यांच्याकडेच मिळतो आणि दर महिन्याला घ्यावा लागतो. तो नसेल तर हमी रद्द. यंत्र एकदा विकून त्यात कमाई थोडी, डबे आयुष्यभर विकून जास्त. करारात पाच वर्षांचा भाव बांधून घ्या, किंवा त्याच्याशिवाय उतारा किती हे लिहून घ्या.

काजळीला 'कार्बन ब्लॅक' म्हणून उत्पन्नाच्या बाजूला मांडलेलं दिसेल. कच्च्या काजळीला घेणारा मिळेपर्यंत ती खर्चाच्या बाजूला धरा.

'अनुदान आम्ही मिळवून देतो, फक्त फाइलचे पैसे द्या' असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन, विनाशुल्क भरता येतो. मध्यस्थाची गरज नाही.

ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्रांच्या कमाईचं आमिष नवं आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टिकपासून इंधनासाठी तेल काढणं पुनर्वापरात धरलेलं नाही, ते अंतिम विल्हेवाटीत मोडतं. म्हणजे पुनर्वापराच्या प्रमाणपत्राच्या भावाने आखलेलं उत्पन्न चुकीचं. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२३ च्या तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली होती. कंपनीची नोंद मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर तपासा, प्रकार आणि क्षमतेसह.

पैसे एकरकमी देऊ नका. टोकन कमी ठेवा आणि शेवटचा मोठा हप्ता तुमच्या जागेवर, तुमच्या मालावर, ठरलेला उतारा सलग काही दिवस मिळाल्यावरच.

परदेशी शेअर घ्यायचाच असेल तर

अमेरिकेतल्या नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल एसईसीच्या 'एडगर' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. वार्षिक अहवाल '१०-के' या नावाने असतो. त्यात तीन जागा बघा, अर्धा तास पुरतो : कंपनी चालू राहील का याबद्दल लेखापरीक्षकाने शंका नोंदवली आहे का, रोख शिल्लक किती महिन्यांची, आणि शेअरची संख्या वर्षागणिक किती फुगली. शेवटच्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. कंपनी देणी शेअर छापून भागवत असेल तर तुमचा हिस्सा दर तिमाहीत पातळ होतो.

शेअर न्यूयॉर्कच्या मोठ्या बाजारात नसून ओटीसीवर असेल तर त्या बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाशेजारी खोपडी आणि हाडांचं चिन्ह आहे का ते बघा. ते बाजारानेच लावलेलं असतं, गमतीने नाही.

पैसे पाठवण्याची मर्यादा माणशी वर्षाला २ लाख ५० हजार डॉलर. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (उगमावर गोळा केला जाणारा कर) कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. बँक डॉलरच्या भावात स्वतःचा वाटा ठेवते, तो 'शून्य शुल्क' लिहिलेल्या पावतीत दिसत नाही. त्या दिवसाचा बाजारभाव आणि तुम्हाला लावलेला भाव यांतला फरक स्वतः काढा. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायला विसरू नका, शेअर शून्यावर आला असला तरी.

पैसे अडकले असतील तर

ठेव किंवा निश्चित परताव्याचा व्यवहार असेल तर जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा आणि १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याखाली (एमपीआयडी) तक्रार नोंदवायला सांगा. त्यात मालमत्ता जप्त करता येते, म्हणून उशीर करू नका. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही नोंद करा. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीचा शेअर असेल तर सेबीचं 'स्कोअर्स'. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी निबंधक. पैसे ऑनलाइन जाऊन काही तासच झाले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर.

यंत्राच्या खरेदीत ग्राहक आयोगाचा रस्ता अरुंद आहे. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही, फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवायला घेतली असेल तर चालतो. म्हणून ऑर्डर देतानाच पत्रात तसं लिहा, ते खरं असेल तर. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. माहितीपत्रक, सेमिनारचं निमंत्रण, व्हॉट्सॲपवरचे आवाजी संदेश आणि तो १,४०० लिटरचा कागद, सगळं तारखेसह जपून ठेवा. मूळ प्रत कोणालाही देऊ नका, विकणाऱ्याला 'दुरुस्त करून देतो' म्हणून तर नाहीच.